ब्रेक कुणाचा?

खंडेनवमीला आपल्या भागात घरोघरी एकच देखावा दिसतो. सकाळी अंगणात गाडी धुतली जाते, टाकीवर हळदकुंकवाची बोटे उमटतात, हँडलला झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी हळूच पुढे ढकलली जाते. मराठी घरात याला शस्त्रपूजा म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात आयुधपूजा. झेंडू मात्र दोघांचाही एकाच बाजारातून आलेला असतो. या सोहळ्यात गाडीच्या ज्या भागाला पूजेचा पहिला मान मिळायला हवा, त्याच्याकडे सहसा कुणाची नजर जात नाही. पुढच्या चाकाच्या तबकडीला बिलगून बसलेला, चिखलाने माखलेला तो मुठीएवढा धातूचा ठोकळा. त्याला कॅलिपर म्हणतात. गाडी पळवणाऱ्या इंजिनाचे कौतुक सगळे करतात. गाडी थांबवणाऱ्या या ठोकळ्याची आठवण तो रुसल्यावरच येते.

तो रुसतो म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या पोटातला पिस्टन चिकटतो. चेतक, राजदूत, येझदी यांच्या काळात ही तक्रार नव्हती. तेव्हाचे ब्रेक ड्रमचे. ब्रेक सैल झाला की मागचा नट दोन आटे आवळायचा, एवढी विद्या प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाला येत असे. पुढे १९९९ मध्ये हीरो होंडाची सीबीझेड आली, २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि डिस्क ब्रेक मध्यमवर्गीय अंगणात येऊन उभा राहिला. त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला. चिकटलेला पिस्टन घरच्या घरी, आपल्या हाताने सोडवावा का? वरवर पाहता हा पान्या-पकडीचा प्रश्न आहे. मला तो नीतीचा वाटतो, आणि दिसतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड वाटतो.

आधी यंत्र समजून घेऊ. जे समजलेले नाही त्याविषयीची नीती हवेतच राहते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. उजव्या हाताची ब्रेकची मूठ दाबली की हँडलवरच्या नळकांड्यातला छोटा दट्ट्या द्रव ढकलतो, तो दाब नळीतून खाली कॅलिपरमध्ये येतो आणि तिथला मोठा पिस्टन ब्रेक पॅडला तबकडीवर दाबतो. समजा, वरचा दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि खालचा पिस्टन ३० मिलिमीटरचा. मग खालचे क्षेत्रफळ सव्वासहा पट झाले, म्हणून जोरही सव्वासहा पट. दोन बोटांच्या जोरावर तीन माणसे बसलेली गाडी थांबते ती या हिशेबाने.

हे धरण्याचे झाले. सोडण्याचे काय? ड्रम ब्रेकमध्ये स्प्रिंग असते, ती सगळे पुन्हा जागेवर ओढते. कॅलिपरच्या पिस्टनला अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीच्या खाचेत चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते, सील. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा हे कडे त्याच्याबरोबर किंचित वाकते. दाब सुटला की ते आपल्या मूळ आकाराला येते आणि येता येता पिस्टनला केसभर मागे घेते. केसभर म्हणजे खरोखरच केसभर, मिलिमीटरचा लहानसा अंश. चाकाचे मोकळे फिरणे तेवढ्या फटीवर अवलंबून असते.

आता आपल्याकडचा पाऊस डोळ्यांपुढे आणा. जांबोटीहून चोर्ल्याकडे जाणारा किंवा आंबोलीचा घाट उतरणारा रस्ता, आणि खानापूर तालुक्यातली ती तांबडी, चिकट, सगळीकडे शिरणारी माती. पॅड झिजत जातो तसतसा पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याचा उघडा पडलेला भाग ही माती, पाणी आणि पॅडची भुकटी अंगावर घेत राहतो. आतूनही शत्रू असतोच. ब्रेकमधला नेहमीचा द्रव हवेतली ओल शोषून घेतो. ती ओल सीलच्या खाचेत क्षार आणि गंज धरवते. पिस्टनवरचा गुळगुळीत मुलामा टिपक्या-टिपक्यांनी उठतो. मग सील पिस्टनला मागे घेऊ पाहते, पण पिस्टन हलत नाही. पॅड तबकडीला घासतच राहतो. गाडी ढकलताना जड लागते, पेट्रोल जास्त खाते, दोन पॅडपैकी एकच झिजतो आणि दोन मैल गेल्यावर तबकडीजवळ हात नेला तर धग लागते.

इथपर्यंत ही केवळ गैरसोय वाटते. पुढची पायरी जिवावरची आहे. घासण्याने उष्णता वाढते, ती द्रवापर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे; पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषले गेले की ही हमी १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की वाफ होते, आणि वाफ दबते. मूठ हँडलला टेकते, पण खाली जोर पोहोचत नाही. म्हणजे ज्या ब्रेकला सोडता येत नव्हते, त्याला उतारावर ऐन वेळी धरताही येत नाही. ही उपमा नव्हे, पदार्थविज्ञान आहे.

अशी गाडी अंगणात उभी असते तेव्हा घरात दोन मते होतात. एक मत वडीलधाऱ्यांचे असते: ‘बाकी काय हवे ते खोल, ब्रेकला हात लावू नको.’ दुसरे मत तरुण मुलाचे किंवा मुलीचे असते: ‘गाडी आपली, हात आपले, हत्यारे आहेत, रविवार मोकळा आहे. यात एवढे काय आहे?’ दोन्ही मतांना वजन आहे. तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्या घराला कामाचा जाणकार कारागीर उंबऱ्यावर मिळत नाही. स्वावलंबन हा आपल्या समाजाने अभिमानाने जपलेला गुण आहे. आपल्या वस्तूचे पोट उघडून पाहण्याची हिंमत ज्या घरात असते, त्या घरातली मुले जगाला कमी भितात. उलट, वडीलधाऱ्यांची भीती अज्ञानातून आलेली असते असेही नाही. त्यांनी अपघात पाहिलेले असतात.

या वादात तरुणाचे जे मुख्य प्रमाण असते, ‘गाडी आपली’, तिथेच मला थांबावेसे वाटते. गाडी आपली, हे मान्य. ब्रेक आपला आहे का?

मिक्सर बिघडला आणि तो आपण घरी उघडला, तर फार तर चटणी वाटायची राहील. रेडिओ बिघडवला तर आपलीच गाणी बंद होतील. घरदुरुस्तीतल्या बहुतेक चुकांची किंमत चूक करणाराच मोजतो, म्हणून त्या चुका करण्याचा त्याला एक प्रकारचा हक्क असतो. ब्रेकचे तसे नाही. तो आपल्या पैशाने विकत घेतलेला, आपल्या नावावर नोंदलेल्या गाडीला बसवलेला असला, तरी त्याचे खरे लाभार्थी दुसरेच असतात: मागच्या सीटवर मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई, शाळा सुटल्यावर रस्त्यावर धावत येणारा पोर, बाजाराच्या दिवशी डोक्यावर ओझे घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी. आपल्या रविवारच्या प्रयोगाला त्यांनी संमती दिलेली नाही. तो प्रयोग झाला हेही त्यांना माहीत नाही. मालकी एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, अशा ज्या थोड्या वस्तू घरात असतात, त्यांत ब्रेक पहिला. अशा वस्तूचा मालक हा खरे तर विश्वस्त असतो.

आश्चर्य म्हणजे आपल्या कायद्यानेही हे ओळखलेले आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९० धोकादायक दोष असलेले वाहन रस्त्यावर आणणाऱ्याला दोषी धरते. दोष ठाऊक असूनही गाडी चालवणारा तर त्यात येतोच. पण साधी काळजी घेतली असती तर ज्याला तो दोष कळू शकला असता, तोही येतो. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब कायद्याने इथे पुरेशी मानलेली नाही. माहीत करून घेण्याचे कर्तव्य चालवणाऱ्यावरच टाकले आहे. नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांत ज्याची चर्चा पानेच्या पाने चालते, ते तत्त्व एका कलमात येऊन बसले आहे: न जाणणे हा नेहमीच निरपराधपणा नसतो.

पण कायदा सांगतो तेवढे पाहत मात्र नाही. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना ठरावीक मुदतीने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. घरच्या मोटारसायकलची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षे चालते. मधल्या काळात धुराची तपासणी होते, पण कॅलिपर उघडून पिस्टनची अवस्था पाहायला कुणी येत नाही. म्हणजे त्या ठोकळ्याच्या आत काय आहे, याला १५ वर्षे एकच साक्षीदार असू शकतो, तो उघडणारा.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा आहे. ती अंगठी बोटात फिरवली की माणूस अदृश्य होतो. प्रश्न असा की, कुणीच पाहत नसेल तर माणूस नीतीने वागेल का? हा प्रश्न राजवाड्यांसाठी आणि खजिन्यांसाठी आहे असे आपण समजतो. बंद कॅलिपर हीसुद्धा तशीच एक अंगठी आहे. आत जे केले ते झाकले जाते, दोन बोल्ट आवळले जातात, वरून सगळे स्वच्छ दिसते. म्हणून या कामातली प्रत्येक पायरी ही एक छोटी परीक्षा असते. त्यातल्या काही पायऱ्या नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली परीक्षा अगदी सुरुवातीला येते. पॅड बदलताना पुढे आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो. सोपा मार्ग असा की, स्क्रू-ड्रायव्हरची पहार करून तो तसाच, मातीच्या पुटांसकट, आत रेटायचा. गाडी चार दिवस मोकळी चालते. पण ती माती आता सीलच्या ओठाशी जाऊन बसलेली असते, आणि पिस्टनवर ओरखडा उठला असेल तर तो कायमचा. नीट मार्ग असा की, आधी पिस्टनचा उघडा भाग ब्रेकचाच द्रव लावलेल्या फडक्याने किंवा ब्रेकसाठीच्या क्लीनरने मऊ ब्रशने चारी बाजूंनी स्वच्छ करायचा, मग हाताच्या जोराने आत सारायचा, पुन्हा मूठ दाबून थोडा बाहेर आणायचा, पुन्हा पुसायचा. किंचित चिकटलेला पिस्टन एवढ्यानेच पुष्कळदा मोकळा होतो. पहिल्या मार्गाला पाच मिनिटे लागतात, दुसऱ्याला तासभर. बाहेरून दोन्ही कामे सारखीच दिसतात.

दुसरी परीक्षा पिस्टन पुरता बाहेर काढल्यावर येते. तो काढण्याचीही रीत आहे: नळी सोडण्याआधीच मूठ दाबत दाबत द्रवाच्या दाबाने तो सावकाश बाहेर आणावा. पक्कड लावून पिळू नये. दाबाच्या हवेने उडवू तर अजिबात नये, कारण तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोटे असली तर ती ठेचतात. बाहेर आलेल्या पिस्टनवर नखाला लागतील असे खड्डे दिसले, तर तो टाकून नवा घ्यायला हवा. इथे मोह असतो पॉलिश पेपरचा. घासून चमक आणता येते; गेलेला मुलामा आणता येत नाही. चमक ही डोळ्यांची समजूत घालते, सीलची नाही. जुनी सीले ‘अजून बरी दिसतात’ म्हणून पुन्हा बसवणे हा याच जातीचा मोह. आणि खरा गुन्हेगार बहुधा खाचेत लपलेला असतो, तो सीलच्या मागचा पांढरट, कडक थर. तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने, खाचेला ओरखडा न पाडता खरवडून काढणे हे कंटाळवाणे काम आहे. बाकी सगळे नवे बसवले आणि हा थर राहिला, तर पिस्टन पुन्हा चिकटणार हे ठरलेले. नीतीच्या बऱ्याच प्रश्नांप्रमाणे इथेही निर्णय कंटाळ्यापाशी होतो.

तिसरी परीक्षा भाषेची आहे, आणि ती आपल्यासारख्या दुभाषी मुलखात अधिक कडक होते. सगळा बाजार त्या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. मराठीत, कन्नडात, हिंदीतही. वास्तविक ते नेहमीच्या अर्थाने तेल नव्हेच. पण नाव तेलाचे पडले, म्हणून कुणी भाबडेपणाने त्यात इंजिनचे तेल टाकतो, कुणी सीलला ग्रीस चोपडतो, कुणी सगळे भाग पेट्रोलमध्ये नाहीतर रॉकेलमध्ये धुतो. खनिज तेलाच्या स्पर्शाने हे रबर फुगते. फुगलेले सील पिस्टनला आवळून धरते. चिकटलेला ब्रेक सोडवायला बसलेला माणूस अशा रीतीने तो कायमचा चिकटवून उठतो. सील बसवताना लावायचा तो ब्रेकचाच स्वच्छ द्रव, किंवा ब्रेकच्या रबरासाठी केलेले खास ग्रीस, आणि तेही बोटभर. शब्दावर विसंबून वस्तू ओळखली की काय होते, याचा याहून चांगला धडा तर्कशास्त्राच्या वर्गात मिळणार नाही. झाकणावर जी प्रत छापलेली असते, ती वाचूनच बाटली उघडावी.

शेवटची परीक्षा सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत घातक. सगळे जोडून झाल्यावर नळीतली हवा काढायची असते, आणि हवा काढली तरी पिस्टन अजून पॅडपासून लांब असतो. पहिल्या दाबाला मूठ सरळ हँडलला टेकते. ती पुन्हा पुन्हा दाबून कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, एवढाच नियम आहे. काम संपल्याच्या आनंदात गाडी गल्लीत काढणारा नेमका हा नियम विसरतो. द्रवाचा किंवा ग्रीसचा डाग पडलेला पॅडही पुसून चालत नाही, टाकावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या परीक्षा असतील तर सरळ गॅरेजमध्ये द्यावी. पैसे मोजले, जबाबदारी संपली. यातले पहिले वाक्य पुष्कळदा खरे असते, दुसरे कधीच खरे नसते. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ या पुस्तकात निवेदकाची गाडी दुकानातच बिघडवली जाते. काम करणारी मुले अडाणी नसतात, फक्त त्यांचे लक्ष कामात नसते. गॅरेजमधल्या पोरापुढे संध्याकाळपर्यंत दहा गाड्या उभ्या असतात. त्याच्यापाशी अनुभव असतो, वेळ नसतो. घरच्या माणसापाशी वेळ असतो, अनुभव नसतो. काळजी मात्र दोघांनाही विकत आणता येत नाही. ती ज्याची त्याने आणायची असते. गाडी परत आल्यावर चाक फिरवून पाहणे, जुने भाग मागून घेणे, काय बदलले ते विचारणे हे गिऱ्हाइकाचे काम उरतेच. जबाबदारी वाटून घेता येते, विकता येत नाही.

तेव्हा प्रश्न घर की गॅरेज असा नसून, हात लावणाऱ्याची पात्रता कशी ओळखावी असा आहे. मला तीन कसोट्या पुरेशा वाटतात. पहिली: हा भाग कसे काम करतो ते मी दुसऱ्याला समजेल असे सांगू शकतो का? पिस्टन मागे कोण घेतो, याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने पाना खाली ठेवावा. दुसरी: दुसऱ्याचा जीव त्यावर टांगण्याआधी मला ते काम तपासता येईल का? मागून कुणाला तरी गाडी दाबायला लावून पुढचे चाक उचलावे, हाताने फिरवावे, मूठ दाबावी, सोडावी, पुन्हा फिरवावे. मूठ दाबून मिनिटभर धरावी. ती हळूहळू आत जात राहिली तर कुठेतरी गळती आहे किंवा वरचे नळकांडे थकले आहे. मग मोकळ्या मैदानात, पायी चालण्याच्या वेगाने, एकट्याने. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आहे. त्या पेटीच्या आतले तपासण्याचे साधन घरी नसते, म्हणून तिथे घरचा हात थांबायला हवा. तपासता येत नाही ते आपण दुरुस्त केले असे म्हणता येत नाही.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे: अर्ध्यावर थांबण्याची माझी तयारी आहे का? रविवार संध्याकाळ झाली आहे, कॅलिपर उघडा पडला आहे, पिस्टनवर खड्डे निघाले आहेत, नवा पिस्टन बुधवारशिवाय मिळत नाही आणि सोमवारी सकाळी सातला मुलीला शाळेत सोडायचे आहे. जुनाच पिस्टन घासून बसवला तर कुणाला कळणार नाही, आणि कदाचित काही होणारही नाही. अशा वेळी गाडी उघडीच ठेवून सोमवारी बस पकडणारा माणूस तांत्रिकदृष्ट्या हरलेला दिसतो. घरात त्याची थोडी थट्टाही होते. पण ब्रेकचा गुण थांबणे हाच असेल, तर तो आधी त्या माणसात असायला हवा. ज्याला स्वतःला थांबता येत नाही, त्याने थांबवण्याच्या यंत्राला हात लावू नये, इतके मी स्पष्ट म्हणेन.

आणि तरीही वडीलधाऱ्यांचे ‘हात लावू नको’ हे मत मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. सावधपणाचाही पिस्टन चिकटू शकतो. धोका दिसला की धरायचे हे बरोबर. पण समज आली, सराव झाला, तपासणीची रीत कळली, तरी न सोडणारा सावधपणा पुढच्या पिढीला कायम परावलंबी ठेवतो. अशा घरातली मुले ब्रेक उघडत नाहीत, पण तबकडी तापते आहे हेही त्यांना ओळखता येत नाही. कलम १९० ज्याला साधी काळजी म्हणते, ती त्यांना कुणी शिकवलेलीच नसते. मुलाला पहिल्यांदा शेजारी बसवून पाहू द्यावे, नंतर फक्त साफ करू द्यावे, पुढे त्याने केलेले काम आपण तपासावे, एक दिवस आपले काम त्याला तपासायला सांगावे. सीलही पिस्टनला केसभरच मागे घेते. पूर्ण मागे घेतले तर पुढच्या दाबाला ब्रेक लागणार नाही. धरणे आणि सोडणे यांतले अंतर फार नसते, पण ते असावे लागते.

एक गोष्ट राहिली. आपल्याकडे गाडी एकट्याची नसते. ‘जरा किल्ली देता का’ म्हणत शेजारी येतो, आणि नाही म्हणण्याची रीत नाही. कालच ब्रेक उघडलेला आहे. आपली परीक्षा झाली, पण शंभर मैल अजून चाललेली नाही. किल्लीबरोबर ही माहितीही द्यायला हवी. नुसती देऊन भागत नाही, समजेल अशी द्यायला हवी. शेजारी कन्नड बोलणारा असेल, तर त्याला कन्नडात सांगावे, येते तेवढ्या मोडक्यातोडक्या कन्नडात. भाषेचा मान राखण्याच्या जागा पुष्कळ आहेत आणि आपण त्या राखतोही. पण धोक्याची सूचना ऐकणाऱ्याच्या भाषेत द्यायची असते, कारण तिथे मान त्याच्या जिवाचा असतो. आपल्या घाटरस्त्यांवरच्या कन्नड पाट्या ‘निधान’ जा असे बजावतात. कन्नडात निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही अर्थ एकाच शब्दात मावतात हे या मुलखात राहणाऱ्यालाच कळते: सावकाशपणा हाच ठेवा, आणि तो आपल्यापाशी दुसऱ्याचा ठेवलेला.

या कामाचे फळ विचित्र असते. इंजिन दुरुस्त केले तर आवाज बदलतो, रंग दिला तर लोक वळून पाहतात. ब्रेक नीट दुरुस्त केला तर काहीच घडत नाही. पोर रस्त्यात येतो, गाडी थांबते, पोर पलीकडे जातो. त्याला आपल्या रविवारचा पत्ता नसतो. खाचेतला पांढरा थर कुणी तासभर बसून खरवडला होता, हे त्याला कधी कळणार नाही, कळण्याचे कारणही नाही. त्याच्या आईला तो फक्त रोजच्या वेळेला घरी आलेला दिसतो.